खणखणीत

एकतीस वर्षं उद्यमबागेत
मी फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले.
कास्टिंग वाळूतून निघालं, निवलं,
की हातोडीनं हलकं ठोकायचं.
खणखणीत वाजलं तर पुढं पाठवायचं.
बद्द वाजलं तर आत पोकळी,
मग वरनं कितीही गुळगुळीत असू दे.

आता टेबलावर विम्याची तीन माहितीपत्रकं.
तिन्हींवर तेच निळं पाणी,
तेच पांढऱ्या केसांचं जोडपं.
त्यांचे दात बघून शेवंता म्हणाली,
यांना विमा कशाला पाहिजे?

जहाज तिचं. म्हणजे हौस तिची.
अनगोळच्या भिशीतले सहा वर्षांचे पैसे,
कोचीहून कोलंबो, मालदीव, सात रात्री.
समुद्र तिनं एकदाच बघितलाय, वेंगुर्ल्याला,
चपला हातात धरून.

हंगिरगेकरांचा नितेश एजंट.
खडेबाजारात भांड्यांच्या दुकानावर त्याचं ऑफिस.
चहा मागवला, म्हणाला,
"काका, काकूंची शुगर कशाला लिवतायसा?
प्रीमियम उगंच वाढतंय की."
मी कप बशीत ठेवला.
मला ऐकू आलं. बद्द.

मग बारीक अक्षरं, भिंग लावून.
पहिलीचं पान सात: जहाजावरच्या डॉक्टरचं बिल
डॉलरात होतं, ते आम्ही देऊ.
पान अकरा: जुना आजार असेल तर नाही.
दुसरी म्हणते, भर समुद्रातून हेलिकॉप्टरनं उचललं तर देऊ,
पण उचलण्याआधी आम्हाला विचारा.
छाती धरून बसलेल्या माणसानं
कुठल्या हातानं फोन लावायचा?
तिसरी: बंदरावर फिरायला उतरलात आणि जहाज सुटलं,
तर पुढच्या बंदरापर्यंतचं तिकीट.
हे शेवंताला पटलं.
ती बाजारात शिरली की जहाज सुटणारच.

हप्ता किती, हे मी अजून विचारलंच नव्हतं.
विचारत हिंडलो ते एवढंच:
पैसे मिळालेत कुणाला?
वडगावचा तवनाप्पा हुद्दार
सिंगापूरच्या बोटीवर जिन्यात घसरला, खुबा मोडला.
विमा त्या तिसरीचाच.
सत्तेचाळीस दिवसांनी पैसे आले,
हातमोज्यांचे आणि कापसाचे तेवढे कापून.
त्यानं पावत्या दाखवल्या,
एकेकीला भोक पाडून दोऱ्यात ओवलेल्या.
म्हणाला, कागूद सोडू नको. माणसं इसरत्यात.

रात्री दोनला उठून
मी चोवीस तासांचे नंबर लावले.
पहिल्यावर बासरी. अकरा मिनिटं.
दुसऱ्यावर, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
हे तीन भाषांत. माझी त्यात नव्हती.
तिसरा एका पोरीनं उचलला, कन्नडमधे बोलली.
मीही कन्नडमधेच. माझं कन्नड बाजारातलं,
क्रियापदं कच्ची, आकडे पक्के.
तिचा पहिला प्रश्न,
जहाज आत्ता कुठं आहे?
म्हटलं, जहाज नाही. मी अनगोळात, घरी.
तुम्ही उचलता का, ते बघत होतो.
ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली,
"उचलला ना? आता झोपा."

खणखणीत.

सकाळी फॉर्म. आजाराच्या रकान्यात
शेवंतानं स्वतः लिहिलं: शुगर, नऊ वर्षं.
डावा गुडघा.
आणि खाली, कुणी विचारलं नसताना,
पाण्याची भीती वाटते.
मी खोडलं नाही.

वारसदाराच्या रकान्याशी अडलो.
माझी वारस ती. तिचा मी.
दोघं एकाच बोटीत.
पेन तसंच धरून बसलो,
बाहेर कुणाचा तरी टेम्पो मागं येताना वाजत होता.
ती म्हणाली, सुवर्णाचं घाला की.
पण आत्ताच तिला सांगू नका,
नाहीतर फोन करकरून
समुद्र बघू द्यायची नाही.